वाशीमच्या छपरांवरच्या छत्र्या

वाशीमच्या छपरांवरच्या टीव्हीच्या छत्र्या दक्षिणेच्या बाजूला वळलेल्या असतात, कारण त्यांचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने आकाशात एकाच जागी दिसतात. असे तीन उपग्रह जगभर प्रसारण करू शकतील, हे विज्ञानकथाकार आर्थर क्लार्क यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये मांडले. तेही कथेत नव्हे, ‘वायरलेस वर्ल्ड’ या तांत्रिक मासिकात. १९६४ मध्ये सिंकॉम-३ हा उपग्रह त्या कक्षेत पोचला आणि १९७१ मध्ये अशा उपग्रहांशी संपर्क साधणारे पुणे जिल्ह्यातल्या आर्वीचे भूकेंद्र सुरू झाले.

यावर आक्षेप येतो की ही कक्षा हर्मन नोर्डुंग यांनी १९२८ मध्येच वर्णिली होती, मग क्लार्कना श्रेय कशाला? शिवाय क्लार्क यांच्या कल्पनेतल्या उपग्रहांवर देखभालीसाठी माणसे राहणार होती. ट्रान्झिस्टर आल्यावर तशी गरजच उरली नाही. दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण भाकीत तंतोतंत उतरणे ही विज्ञानकथाकाराची कसोटी मानणेच मला चुकीचे वाटते. क्लार्क यांनी त्या कक्षेला प्रसारणाचे काम दिले आणि त्यासाठी किती वीज लागेल याचा हिशेब मांडला. अभियंत्यांना तपासता, खोडता, सुधारता येईल असे काहीतरी त्यामुळे हाती आले.