आधण सर्वांचे, पथ्य एकट्याचे

व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत आम्ही एक छापील पथ्यपत्रक वापरीत असू. डाव्या रकान्यात पथ्य, उजव्या रकान्यात अपथ्य, वर रुग्णाचे नाव लिहिण्यासाठी रेघ आणि खाली चिकित्सालयाचा शिक्का. औषधयोजना सांगून झाली की पत्रकातील काही ओळींवर खुणा करावयाच्या आणि ते रुग्णाच्या हाती द्यावयाचे. एवढे केले म्हणजे आहारविषयक कर्तव्य पार पडले, असे आम्हांस वाटे. आजही अनेक चिकित्सालयांतून हीच पद्धत रूढ आहे. तिच्यातील उणीव आम्हांस एका रुग्णेने दाखवून दिली. तो अनुभव व्यवसायबंधू-भगिनींपुढे मांडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

साठीच्या घरातील एक प्रमेही रुग्णा आमच्याकडे चिकित्सेसाठी येत असे. पत्रक तिच्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागले. नोकरी करणारी सून पहाटे उठून दोन स्वयंपाक करू लागली, एक सासूबाईंसाठी व दुसरा घरातील इतर चौघांसाठी. तीन महिने रक्तशर्करा उत्तम राहिली व आमचा उत्साह वाढला. पुढे सुनेच्या कामाच्या वेळा बदलल्या आणि दुसरा स्वयंपाक बंद पडला. पथ्य मोडले, या संकोचाने रुग्णेने आमच्याकडे येणेच सोडले. आठ महिन्यांनी ती आली ती पायाच्या बोटाची न भरणारी जखम घेऊन. शल्यचिकित्सकांकडे पाठवावे लागले आणि अखेरीस ते बोट गमवावे लागले.

त्या वेळी, काहीशा रागानेच, आम्ही सुनेस विचारले की सासूबाईंच्या चहात साखर किती चमचे पडते? ती म्हणाली, "डॉक्टर, आमच्याकडे चहा एकाच पातेल्यात होतो. साखर आधणातच पडते. कुणाच्या कपात किती गेली, हे मी कसे सांगू?" या उत्तरावर आमच्याकडे बोलण्यासारखे काही नव्हते. पत्रक एकट्या रुग्णेच्या नावे होते, आधण मात्र पाच जणांचे होते. जी व्यक्ती त्या घराचा आहार प्रत्यक्ष घडवीत होती, तिच्यासाठी आमच्या पत्रकात एकही ओळ नव्हती.

पथ्य कोणासाठी?

साखर आधणात पडते, मीठ आमटीत पडते, तेल फोडणीत पडते. या तिन्ही वस्तू वैयक्तिक ताटात येण्यापूर्वीच सामाईक भांड्यात गेलेल्या असतात. म्हणून कुटुंबातील एकाने एकट्याने त्या कमी करावयाच्या म्हटल्यास एकतर दुसरी चूल मांडावी लागते किंवा पथ्य सोडावे लागते. बहुतेक घरांत दुसराच मार्ग पत्करला जातो.

शिवाय घरातील इतरांना पथ्याची आवश्यकता नाही, हे तरी कशावरून? भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सर्वांच्या वाचनात आले असतील. त्यांनुसार देशात मधुमेहाचे सुमारे 10.1 कोटी रुग्ण असून आणखी सुमारे 13.6 कोटी व्यक्ती मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. ज्या घरातील आजी प्रमेही आहे, त्या घरातील मुलगा बीजदोषाने त्याच वाटेवर उभा असण्याचा संभव मोठा असतो. आजीसाठी सांगितलेला कमी साखरेचा चहा मुलाने घेतला तर ते निदानपरिवर्जन होय, आणि निदानपरिवर्जन हीच संक्षेपाने चिकित्सा, हे आपण पदवीच्या वर्गात शिकलो आहोत.

शास्त्राने दिलेली सवलत

कुटुंबास बदल सांगावयाचा तर तो किती व कसा, हा पुढील प्रश्न. येथे आपल्या शास्त्राने अत्यंत व्यवहार्य मार्ग दाखविला आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात पादांशिक क्रम सांगितला आहे. अंगवळणी पडलेले अहितकर द्रव्य एकदम न सोडता चौथ्या हिश्शाने कमी करावे, त्या जागी हितकर द्रव्य तितक्याच प्रमाणात आणावे आणि पुढील पायरी एक, दोन, तीन दिवसांच्या अंतराने चढावी, असा त्याचा आशय. वाग्भटाचार्यांनी तर चौथ्या हिश्शाच्याही चौथ्या हिश्शाने, म्हणजे सोळाव्या भागाने सोडण्याची मुभा दिली आहे. अपथ्य अकस्मात् सोडल्याने आणि पथ्यदेखील अकस्मात् सुरू केल्याने विकार उद्भवतात, असा इशाराही त्यांनी दिला आहे.

ओकसात्म्याचा एवढा सूक्ष्म विचार परंपरेत असताना आम्ही मात्र पत्रकावर "साखर बंद, भात बंद, बटाटा बंद" असे लिहीत होतो, याची आज खंत वाटते.

शास्त्रोक्त अंतर दिवसांचे आहे. कुटुंबासाठी मात्र आम्ही एका पायरीला पंधरा दिवस देतो. पाच जणांच्या जिभा एकाच वेळी वळवावयाच्या असल्याने इतका अवधी लागतो, असे आमच्या अनुभवास आले आहे.

किराणा मालाची यादी

प्रथम रुग्णास घरच्या किराणा मालाची महिन्याची यादी आणावयास सांगावे. "आम्ही गोड फारसे खात नाही," असे जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. यादी अधिक खरे बोलते.

उदाहरणार्थ, चार माणसांचे घर घेऊ. प्रत्येकी दिवसाला दोन कप चहा व कपास दोन चमचे साखर धरल्यास रोजचे 16 चमचे होतात. एक चमचा 5 ग्रॅमचा मानला तर 80 ग्रॅम, म्हणजे महिन्याकाठी 2 किलो 400 ग्रॅम साखर केवळ चहात जाते. माणशी हे प्रमाण रोजचे 20 ग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली व शक्यतो पाच टक्क्यांखाली ठेवण्यास सांगितले आहे. 2000 किलोकॅलरींच्या आहारात पाच टक्के म्हणजे सुमारे 25 ग्रॅम. बिस्किटे, शिरा, सरबत अद्याप मोजलेलेच नाही.

मिठाचा हिशोबही असाच. त्याच संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे. चार प्रौढांच्या घरास महिन्याला 600 ग्रॅम ही कमाल मर्यादा झाली, आणि लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठही तीतच मोजावयाचे. दर महिन्यास मिठाची किलोची पिशवी संपत असेल, तर पुढील प्रश्न विचारण्याची आवश्यकता उरत नाही.

चार लहान बदल

यादी पाहून झाल्यावर पुढील चार बदलांपैकी त्या घरास सोयीचा असा एकच बदल आम्ही सांगतो. तो स्थिरावल्याशिवाय दुसरा सांगत नाही.

पहिला बदल आधणाचा. वरील घरात 16 चमच्यांच्या जागी 12 चमचे साखर घालावी. हा एक पाद झाला. महिन्याला 600 ग्रॅम साखर वाचते आणि कपामागे केवळ अर्धा चमचा कमी होत असल्याने घरात कुरकुर होत नाही. आले, गवती चहा किंवा वेलदोडा घातल्यास गोडी कमी झाल्याचे फारसे जाणवत नाही.

दुसरा बदल ताटाच्या डाव्या बाजूचा. आपल्याकडे ताटात मीठ, लिंबू, चटणी, लोणचे डावीकडे वाढण्याची पद्धत आहे. वाढलेले मीठ बंद करून लिंबाची फोड ठेवावी, आणि लोणचे, पापड, सुकी चटणी यांपैकी एका जेवणास एकच पदार्थ घ्यावा. मोकळ्या झालेल्या जागी कोशिंबीर वाढवावी. काही आठवड्यांत जिभेस कमी मिठाची सवय होते. अतिप्रमाणात सेवन करू नये अशा तीन द्रव्यांत चरकाचार्यांनी पिप्पली व क्षार यांच्यासह लवणाची गणना केली आहे, हे रुग्णांस आवर्जून सांगावे. सैंधव कितीही खाल्ले तरी चालते, हा समजही दूर करावा. सैंधव श्रेष्ठ असले तरी त्यातही मुख्यत्वे सोडियम क्लोराईडच असते. शिवाय ते सहसा आयोडीनयुक्त नसते, ही गोष्ट गर्भिणी व बालके असलेल्या घरांस सांगणे अगत्याचे आहे.

तिसरा बदल धान्याचा. चार पोळ्या खाणाऱ्याने एका पोळीच्या जागी ज्वारी, बाजरी वा नाचणीची अर्धी भाकरी घ्यावी. भाकरी थापण्यास वेळ नसेल, तर दळण आणताना गव्हात चौथा हिस्सा ज्वारी मिसळावी. आठवड्यातून दोन दिवस तुरीच्या वरणाऐवजी मुगाचे वरण करावे. नित्य सेवनीय द्रव्यांच्या यादीत मुगाचे स्थान आहेच, आणि ते शिजविण्यास वेगळी चूल लागत नाही.

चौथा बदल रात्रीच्या जेवणाचा. "सूर्यास्तापूर्वी जेवा," असे उपनगरी गाडीने रात्री साडेनऊस घरी पोहोचणाऱ्यास सांगणे म्हणजे स्वतःचे हसे करून घेणे होय. त्याने सायंकाळी सहाच्या सुमारास मूठभर फुटाणे किंवा एखादे फळ खावे. घरी आल्यावर नेहमीच्या जेवणाचा तीन चतुर्थांश भाग घ्यावा, आणि जेवताना दूरचित्रवाणी व मोबाईल बंद ठेवावेत. मन लावून जेवावे, हा आहारविधीतील नियम पाळण्यास पैसाही लागत नाही.

शिक्रण, फळे घातलेले दुग्धपदार्थ यांविषयीचा वाद आम्ही पहिल्या भेटीत टाळतो. विरुद्धाहाराचा विचार महत्त्वाचा आहेच. परंतु सात्म्य, अल्प मात्रा व दीप्ताग्नी असल्यास विरोध बाधत नाही, असेही आचार्यांनीच म्हटले आहे. रोजचे 80 ग्रॅम साखरेचे आधण तसेच ठेवून महिन्यातून एकदा होणाऱ्या शिक्रणावर शक्ती खर्चण्यात शहाणपण नाही.

औषधालयांचे उत्तरदायित्व

आता थोडे स्वतःकडे पाहू. जेवणानंतर नित्य लवणभास्कर चूर्ण घेणारे अनेक रुग्ण आपण पाहतो. त्यात चार प्रकारची लवणे आहेत. सितोपलादि चूर्णाच्या मूळ पाठात एकतीस भागांपैकी सोळा भाग खडीसाखर आहे. च्यवनप्राश व इतर अवलेह शर्करायुक्त आहेत, आसवारिष्टांत गूळ वा साखर असते. हे कल्प योग्य रुग्णास योग्य काळापर्यंत दिल्यास गुणकारी आहेत. परंतु घराच्या आधणातून साखर काढावयाची आणि औषधालयाच्या बाटलीतून ती परत घालावयाची, हे विसंगत होईल. औषधविक्रेत्या बंधूंना विनंती की वैद्याच्या सल्ल्याविना महिनोन्महिने हे कल्प नेणाऱ्या ग्राहकास "रक्तदाब किंवा मधुमेह आहे काय?" एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा. "आयुर्वेदिक आहे, कितीही घ्या," हे वाक्य आपल्या काउंटरवरून कायमचे हद्दपार व्हावे.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाचा आहार कमी करताना रक्तशर्करा वारंवार तपासावी व त्याच्या चिकित्सकास कळवावे, अन्यथा ती धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. वृक्कविकारात तर आहारातील कोणताही बदल, विशेषतः डाळींचा व पोटॅशियमयुक्त मिठाचा, तज्ज्ञांच्या संमतीवाचून करू नये.

एका ओळीचे पत्रक

ते जुने पत्रक आम्ही केव्हाच बंद केले. आता लहान कागदावर एकच बदल व पंधरा दिवसांनंतरची तारीख लिहून देतो, आणि शक्य असेल तेथे स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीस समोर बसवून देतो. बदल जमला नाही, तरी त्या तारखेस यावेच, असे स्पष्ट सांगतो. पथ्य मोडल्याच्या संकोचाने रुग्ण दुरावू नये, हा त्यामागील हेतू. त्या रुग्णेच्या बाबतीत आम्ही एवढी एक गोष्ट केली असती, तर कदाचित ती जखम वेळीच आमच्या दृष्टीस पडली असती.

ती आजही नियमित येते, सोबत सून असते. त्यांच्या घरी चहा अजून एकाच पातेल्यात होतो. पूर्वी त्यात दहा चमचे साखर पडे, आता चार पडते. हे अंतर कापण्यास त्या घरास पाच महिने लागले. गेल्या भेटीत मुलाची रक्तशर्कराही तपासून घेतली. ती प्राकृत आहे.