प्रेरक तंत्रिका विकार, प्रतिमादर्शनाने निदान

स्नायूंना चालना देणाऱ्या तंत्रिकांच्या सदृश विकारांतील भेद तंत्रिकांच्या प्रतिमांवरून ओळखण्याची पद्धती. हाताची पकड सैल होणे व स्नायू रोडावणे ही लक्षणे दोन भिन्न रोगांत आढळतात. फ्रेंच वैद्य शार्को यांनी 1869 मध्ये वर्णिलेल्या एएलएस रोगात मेंदू व मेरुरज्जू यांतील प्रेरक कोशिका नष्ट होत जातात. तो बरा करणारा उपचार नाही. 1980 नंतरच्या दशकात वेगळ्या ओळखल्या गेलेल्या बहुकेंद्री प्रेरक तंत्रिका विकारात मात्र प्रतिरक्षा यंत्रणेच्या दोषाने तंत्रिकांतील संवेगवहन ठिकठिकाणी अडते. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास शक्ती बहुधा सुधारते. म्हणून निदानातील चूक रुग्णास फार महाग पडते.

मानेजवळील खोल तंत्रिकांतील अडथळा विद्युत् तपासणीत नेहमीच सापडत नाही. श्राव्यातीत ध्वनीने घेतलेल्या प्रतिमेत प्रकोष्ठातील मध्य तंत्रिकेचे छेदक्षेत्र सुमारे 10 चौ. मिमी. पेक्षा अधिक भरल्यास बहुकेंद्री विकाराच्या निदानास पुष्टी मिळते. एएलएसमध्ये तंत्रिका प्राकृत किंवा किंचित बारीक असतात.

तथापि जाड तंत्रिका म्हणजे बहुकेंद्री विकारच, असे नव्हे. धुळे जिल्ह्यात कुष्ठरोग अद्याप आढळतो. त्यातही कोपराजवळील तंत्रिका जाड होऊन हाताचे स्नायू झडतात. मात्र त्यात त्वचेची संवेदना सहसा कमी होते. बहुकेंद्री विकारात ती बहुधा अबाधित राहते. त्यामुळे पिंपळनेरसारख्या गावी प्रतिमेआधी कापसाच्या बोळ्याने केलेली संवेदना तपासणीच महत्त्वाची ठरते.