जुन्या मोटारीची वार्षिक परीक्षा

परीक्षा हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांस नवीन नाहीं, आणि त्यांच्या पालकांस तर तो कधीं कधीं त्यांच्याहूनही अधिक धास्तीचा वाटतो. परंतु परीक्षा केवळ मुलांचीच होते असें नाहीं. ग्रेट ब्रिटनमध्यें मोटारगाडी तीन वर्षांची झाली म्हणजे तिला दरसाल एका परीक्षेस बसावें लागतें. उत्तीर्ण झाली तर वर्षभराचा दाखला मिळतो. न झाली तर दुरुस्ती करून पुन्हां हजर व्हावें लागतें. ह्या परीक्षेचे निकाल तेथील सरकार प्रसिद्ध करितें, आणि गाड्यांची जात व वय लावून ते चाळीत असतां एक नवल दृष्टीस पडतें. गाडीचें वय वाढतें तसतसें नापासांचें प्रमाण वाढत जातें, हें अपेक्षेप्रमाणेंच आहे. परंतु पंधरा-वीस वर्षांच्या पुढें तें उलट उतरूं लागतें. आजोबांच्या वयाची गाडी नातवाच्या वयाच्या गाडीपेक्षां सहज पास होते! असें कां व्हावें, ह्याचा उलगडा करण्याचा आमचा विचार आहे, व त्यासाठीं आम्ही मॉरिस मायनर ही एकच गाडी डोळ्यांपुढें ठेवणार आहों.

ही गाडी आमच्या देशास अगदींच परकी नव्हे. हिंदुस्तान मोटर्स ह्या कंपनीनें ती ‘बेबी हिंदुस्तान’ ह्या नांवानें येथें काढिली होती, आणि पुढें कित्येक दशकें आमच्या रस्त्यांवर राज्य करणारी अँबॅसडर ही मॉरिसच्याच घराण्यांतील ऑक्सफर्ड नांवाच्या गाडीवरून घेतलेली होय. मायनरचा आराखडा अलेक इसिगोनिस ह्या यंत्रज्ञानें केला. १९४८ सालीं लंडनमधील अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनांत ती प्रथम मांडली गेली, १९७१ मध्यें शेवटची बाहेर पडली, व मधल्या काळांत सुमारें सोळा लक्ष गाड्या तयार झाल्या. लहानशी, गोल पाठीची, साध्या कुटुंबास परवडणारी ही गाडी होती; खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्या परिचारिका हिच्यांतून जात. आज त्या सोळा लक्षांपैकीं कांहीं हजारच काय त्या शिल्लक आहेत. हा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

परीक्षा सुरू झाली ती १९६० सालीं, अर्नेस्ट मार्पल्स हे वाहतूकमंत्री असतांना. त्यांच्या खात्याच्या आद्याक्षरांवरून तिला ‘एमओटी’ म्हणतात. तें खातें त्या नांवानें केव्हांच नाहींसें झालें, परीक्षेचें नांव मात्र टिकलें. आरंभीं दहा वर्षांवरील गाड्याच बोलावीत, आणि ब्रेक, दिवे व स्टिअरिंग एवढेंच पाहत. परंतु नापासांची संख्या इतकी मोठी निघाली कीं १९६१ मध्येंच वयाची मर्यादा सात वर्षांवर आणावी लागली, व १९६७ मध्यें ती तीनांवर आली. विषयही वाढत गेले. टायर आले, वायपर व हॉर्न आले, गाडीचा सांगाडा आला, १९९१ मध्यें धुराचें मोजमाप आलें.

आतां नवलाचा पहिला उलगडा असा कीं, मायनरला हे सगळे विषय नाहींतच. गाडीची परीक्षा ती ज्या सालीं रस्त्यावर आली त्या सालच्या कायद्यानें घेतात. १९६५ च्या पूर्वीच्या गाडीला बसणारास बांधावयाचे पट्टे मुळांत नसले तरी दोष धरीत नाहींत. ऑगस्ट १९७५ च्या पूर्वीच्या गाडीचा धूर यंत्रानें मोजीत नाहींत. परीक्षक तो डोळ्यांनीं पाहतो, इतकेंच. नव्या गाडीच्या पुढच्या फळीवर अपघातांत फुगणाऱ्या पिशव्यांचा आणि विजेवर चालणाऱ्या ब्रेकयंत्रणेचा असे इशाऱ्याचे दिवे असतात, व त्यांतील एक भलत्या वेळीं लागून राहिला तरी गाडी नापास. मायनरला हे अवयवच नाहींत, मग त्यांत खोट कोठून निघणार? एका बाबतींत मात्र जुन्या गाडीस अधिक गुण मिळवावे लागतात. हिच्या चारही चाकांच्या ब्रेकांस तेल पोंचविणारी व्यवस्था एकच असते. ती फुटली कीं हातब्रेकावांचून दुसरा आधार नाहीं. म्हणून अशा गाडीच्या हातब्रेकानें तिच्या वजनाच्या निदान २५ टक्के रोधशक्ति दाखविली पाहिजे. दुहेरी व्यवस्था असलेल्या गाडीला १६ टक्के पुरतात.

दुसरा उलगडा अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो आमच्या विद्यार्थ्यांस चटकन समजेल. समजा, एका शाळेचा मॅट्रिकचा निकाल शेंकडा पंचाण्णव लागला. तेथील अध्यापन उत्तम असें आपण म्हणतों. पण मागाहून कळलें कीं, कच्च्या मुलांस चाचणी परीक्षेंतच अडकवून त्यांचे अर्ज पाठविलेच नव्हते, तर त्या पंचाण्णवांची किंमत काय राहते? मायनरचें असेंच झालें आहे. ज्यांचा तळ गंजला, ज्यांच्या मालकांनीं तेलपाणी केलें नाहीं, त्या लक्षावधि गाड्या पन्नास वर्षांत भंगारांत गेल्या. आज परीक्षेस येते ती कोणीतरी पोटच्या पोराप्रमाणें जपलेली, छपराखालीं ठेवलेली, रविवारीं दोन-चार कोस फिरविलेली गाडी. तिचा निकाल पाहून ‘मायनर ही जातच भरंवशाची’ असें म्हणणें म्हणजे त्या शाळेच्या जाहिरातीवर विश्वास ठेवणें होय. उलट पंधरा वर्षांच्या गाडीचें पाहा. ती स्वस्त झालेली असते, तिसऱ्या-चवथ्या मालकाकडे असते, रोज कामावर जाते, आणि तिच्यावर खर्च करण्याचें कोणाच्या मनांत नसतें. ती नापास होते ह्यांत तिच्या कारखान्याचा दोष किती व मालकाचा किती, हें आंकडा सांगत नाहीं.

मात्र मायनरच्या पदरीं कांहीं स्वतःचेंही पुण्य आहे, तें नाकारतां कामा नये. तिचें यंत्र साधें आहे. बहुतेक सुटे भाग आजही नवे मिळतात, आणि सामान्य हत्यारें व थोडी चिकाटी असलेला मनुष्य घरच्या अंगणांत ते बसवूं शकतो. परीक्षकानें सांगितलेला दोष शनिवारीं काढून सोमवारीं पुन्हां हजर होतां येतें.

तिचा खरा शत्रु गंज. जुन्या काळच्या मोटारींस खालीं लोखंडाची स्वतंत्र चौकट असे व वर पेटी ठेवलेली असे. पेटी गंजली तरी चौकट भार वाही. मायनरला अशी सबंध चौकट नाहीं. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. दरवाजांच्या खालून जाणाऱ्या पोकळ पट्ट्या, मधला आडवा तुळवट, मागच्या कमानी जेथें टांगलेल्या असतात त्या जागा, येथें पाणी व चिखल सांचून पत्रा आंतून खाल्ला जातो. वरून रंग चकचकीत असतो! म्हणून नियम असा कीं, भार पेलणाऱ्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आंत पत्रा दुबळा झाला असेल तर दाखला नाहीं. ठिगळ लावणें तर तें कडेनें सलग वेल्डिंग करून लावलें पाहिजे. ‘ट्रॅव्हलर’ नांवाच्या मायनरची गोष्ट आणखी मौजेची. तिच्या मागील भागाला ॲश झाडाच्या लांकडाची चौकट असते. पाहणाऱ्यास ती शोभेची वाटते, पण भार तीही वाहते. त्यामुळें लांकूड कुजलें तर मोटार नापास होते. परीक्षकास सुताराचें काम करावें लागतें तें येथें.

गंज निदान कोणीतरी शोधतो. मायनरचा दुसरा दोष ह्याहून लपलेला आहे. पुढचें चाक ज्या उभ्या खुंटावर डावी-उजवीकडे वळतें, त्या खुंटाच्या दोन्ही टोकांस आटे पाडलेले असतात, व तीं टोकें ट्रनियन नांवाच्या ठोकळ्यांत स्क्रूप्रमाणें बसविलेलीं असतात. गाडी वळतांना आटे आट्यांत फिरतात. त्यांस साधारण हजार मैलांनीं ग्रीस द्यावें लागतें. ग्रीस नसेल तर आटे झिजत जातात, पाणी शिरून गंजतात, आणि एके दिवशीं खुंट खालच्या ठोकळ्यांतून निसटून चाक आडवें पडतें. हें बहुधा गाडी हळूहळू लावतांना, चाक पुरतें वळविलें असतां घडतें, म्हणून जीव वांचतो. भर वेगांत घडलें तर काय, हें सांगावयास नको. आधीं आवाज नाहीं, धूर नाहीं. चाक जमिनीवरून उचलून हातानें हलवून पाहणारा कोणी असेल तरच झीज कळते; आणि वर्षांतून एकदां तसें करणारा मनुष्य म्हणजे परीक्षक.

हें सर्व सांगण्याचें कारण असें. १८ नोव्हेंबर २०१२ रोजीं ब्रिटिश सरकारनें १९६० पूर्वीच्या गाड्यांस ह्या परीक्षेंतून मोकळें केलें, आणि २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरील बहुतेक गाड्यांस, मोठा फेरफार केलेला नसल्यास, तीच सवलत मिळाली. अर्थात् आज एकूणएक मायनर सवलतीच्या वयाच्या आहेत. कारण काय दिलें? कीं ह्या गाड्या चांगल्या जपलेल्या असतात, थोड्या चालतात व क्वचितच नापास होतात. लोकांचीं मतें मागविलीं तेव्हां सवलतीच्या विरुद्ध मतें अधिक पडलीं होतीं, तरी ती दिली गेली. आम्हांस हा युक्तिवाद लंगडा वाटतो. दरवर्षीं परीक्षा आहे म्हणून जी गाडी वर्षभर नीट ठेवली जाते, तिचा निकाल चांगला लागला, म्हणून परीक्षाच काढून टाकावी काय? कायदा धोक्याची गाडी रस्त्यावर आणण्यास आजही मनाई करितो. पण ती धोक्याची आहे हें ठरविण्याचें काम आतां मालकाच्या डोळ्यांवर आलें आहे, आणि ट्रनियनचे आटे डोळ्यांस दिसत नाहींत.

आमच्याकडे नेमकें उलट घडलें. आमच्या देशांत खासगी मोटारीची पुनर्नोंदणीची तपासणी पंधरा वर्षांनीं होते व पुढें दर पांच वर्षांनीं. भाड्याच्या वाहनांस आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनीं व त्यानंतर दरसाल योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. शिवाय मुंबईच्या टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. तीमुळें, २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेव येथें नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वीस वर्षें पुरीं होतांच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून सेवेंतून गेली. ती चालावयास योग्य होती कीं नव्हती, हा प्रश्नच उरला नाहीं. तेथें वय झालें म्हणून परीक्षा माफ. येथें वय झालें म्हणून परीक्षेस बसण्याचीच बंदी. न्यायानें बोलावयाचें तर रविवारची मायनर आणि रात्रंदिवस भाडीं मारणारी पद्मिनी ह्यांची तुलना सरळ होत नाहीं. शहरांतील धुराचाही विचार करावा लागतो. तरी दोन्हीं ठिकाणीं चाक उचलून पाहण्याचें काम पंचांगावर सोंपविलें गेलें, हें खरें.

ब्रिटनमध्यें कित्येक मायनरवाले सक्ति नसतांही आपली गाडी दरसाल परीक्षेस नेतात. फी तीच, परीक्षकही तेच. जुनी मायनर विकत घेणारे जाणते लोक प्रथम हे ऐच्छिक दाखले मागतात. गाडीच्या क्रमांकावरून मागील निकाल, नापास होण्याचीं कारणें व त्या त्या वेळचे मैल सरकारी नोंदींत कोणासही फुकट पाहतां येतात. ज्या गाडीचे दाखले २०१८ पर्यंत ओळीनें आहेत व पुढें एकही नाहीं, तिच्या पुढच्या चाकांपाशीं ते ग्रीसच्या जागा आधीं तपासतात.