सांध्यांची वेदना आणि संशोधनाचे अनुदान

विश्रामबागेत सकाळी फिरावयास निघालेल्या ज्येष्ठांच्या गप्पांत गुडघ्याचा विषय निघाला नाही, असा दिवस विरळाच. कोणी तेल सुचवितो, कोणी लेप, तर कोणी शस्त्रक्रियेची ठरलेली तारीख सांगतो. सांगली-मिरज परिसराची रुग्णसेवेची परंपरा जुनी आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले. १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आपल्या समाजातील न्यासही आरोग्य शिबिरे, औषधे आणि शस्त्रक्रियेचा खर्च यांसाठी सढळ हाताने साहाय्य करतात. मात्र हा आजार कोणास होतो, का होतो आणि कोणता उपचार खरोखर उपयोगी पडतो, याचा शोध घेण्यासाठी पैसा कोठून येतो, याचा विचार आपण क्वचितच करतो.

संधिवात हे एकाच आजाराचे नाव नाही. वय, वजन आणि सांध्यांवरील ताण यांमुळे होणारी गुडघ्याची झीज वेगळी आणि शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस वेगळा. पहिला आजार प्रामुख्याने उतारवयात गाठतो. दुसरा ऐन उमेदीतील माणसाला, त्यातही स्त्रियांना अधिक प्रमाणात होतो. हे आजार सहसा तातडीने जीव घेत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. ते माणसाचे चालणे, बसणे, काम करणे आणि झोपही हिरावून घेतात. पण मृत्यूंच्या आकडेवारीत ही हानी दिसत नाही. म्हणून या वेदनेची मोजदाद स्वतंत्रपणे करावी लागते.

अशा मोजदादीचा वस्तुपाठ महाराष्ट्रातच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ मध्ये ‘कॉपकॉर्ड’ हा लोकाभिमुख कार्यक्रम सुरू केला. त्याअंतर्गत पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये इंदापूर तालुक्यातील भिगवण गाव निवडले. प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी गेले. ज्यांनी दुखणे सांगितले, त्यांची सविस्तर विचारपूस झाली आणि पुढे तज्ज्ञांनी त्यांना तपासले. ४,०९२ प्रौढांच्या या पाहणीत १८.२ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचा त्रास असल्याचे आढळले. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण साधारण दोनशे प्रौढांत एक इतके निघाले. ‘म्हातारपण म्हटले की दुखायचेच’ या समजुतीच्या जागी एका गावापुरता का होईना, ठोस आकडा आला.

पुढे डॉ. चोप्रा केंद्र सरकारच्या पैशावर चाललेल्या एका मोठ्या कामातही अग्रभागी होते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, हिने ‘न्यू मिलेनियम’ नावाचा तंत्रज्ञान उपक्रम हाती घेतला. त्यात संधिवातावरील आयुर्वेदिक औषधांचा प्रकल्प होता. पुणे विद्यापीठाचे डॉ. भूषण पटवर्धन यांच्यासारखे औषधशास्त्राचे अभ्यासक, वैद्य आणि आधुनिक वैद्यकाचे डॉक्टर त्यात एकत्र आले. प्रथम गुडघ्याच्या झिजेच्या २४५ रुग्णांवर १६ आठवड्यांची प्राथमिक चाचणी झाली. त्यानंतर ४४० रुग्णांवर २४ आठवड्यांची मोठी चाचणी झाली. तिचा निबंध २०१३ मध्ये ‘ऱ्हुमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात आला. गुळवेल, सुंठ, आवळा यांसारख्या वनस्पतींपासून केलेली औषधे ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब यांच्या तोडीची ठरली. मात्र आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्या सात रुग्णांच्या रक्तात यकृताशी संबंधित एका घटकाचे प्रमाण वाढल्याचेही त्याच निबंधात नोंदविले गेले. ‘वनस्पतीचे आहे, अपाय होणारच नाही’ असे म्हणून स्वतःच्या मनाने औषध घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. लाभाबरोबर दोषही लिहून ठेवणे, हाच जाहिरात आणि संशोधन यांतील फरक होय.

असे अनुदान मागण्याची वाट कशी असते? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, म्हणजे आयसीएमआर, आयुष मंत्रालय आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग हे यासाठीचे प्रमुख दरवाजे. अर्ज ऑनलाइन होतो. पण त्याचे बळ प्रश्नाच्या नेमकेपणात असते. ‘संधिवातावर संशोधन करावयाचे आहे’ एवढ्याने काही साधत नाही. कोणत्या वयाचे रुग्ण, कोणता उपचार, कशाशी तुलना, किती काळ, हे स्पष्ट हवे. रुग्णसंख्या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने ठरवावी लागते. संस्थेच्या नैतिकता समितीची संमती लागते आणि उपचाराची चाचणी असल्यास पहिला रुग्ण घेण्यापूर्वी तिची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद करावी लागते. २००९ पासून ही नोंद बंधनकारक आहे. मनुष्यबळ, तपासण्या, उपकरणे व प्रवास यांचा खर्च कारणांसह मांडावा लागतो. पैसा हप्त्याहप्त्याने मिळतो. प्रगती अहवाल आणि विनियोग प्रमाणपत्र दिल्यावाचून पुढचा हप्ता येत नाही. पुष्कळ अर्ज नाकारले जातात. परीक्षकांचे आक्षेप वाचून तोच प्रश्न अधिक नेटका करून पुन्हा अर्ज करणे, हा या वाटेचाच भाग आहे.

आपल्या परिसरात विचारण्याजोगे प्रश्न थोडे नाहीत. हळदीच्या शेतात तासन्‌तास वाकून काम करणाऱ्या स्त्रिया, ऊसतोडणी कामगार, दिवसभर दुकानात उभे राहणारे व्यापारी यांच्या सांध्यांची भिगवणसारखी नोंद येथेही करता येईल. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी, १९९७ मध्ये, जखमेवरील हळदीच्या उपयोगाचे अमेरिकी पेटंट सीएसआयआरने रद्द करून घेतले, तेही जुने लिखित पुरावे सादर करून. आजीबाईच्या बटव्याला जगाच्या दरबारात मान मिळवून देणारी गोष्ट लिखित पुरावा हीच असते.

आरंभ लहान असला तरी चालतो. आयसीएमआरची अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली दोन महिन्यांचा प्रकल्प करण्याची संधी देते. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेची ‘स्पार्क’ योजना आहे. आपल्या घरांतील वैद्यकीय शाखेच्या मुलामुलींनी महाविद्यालयात याची चौकशी अवश्य करावी.

न्यासांनीही एक पाऊल पुढे टाकावे. मोठ्या चाचणीचा खर्च सरकारी अनुदानावाचून पेलत नाही. परंतु त्या अनुदानाच्या अर्जासाठी लागणारी प्राथमिक पाहणी न्यासाच्या माफक देणगीतून होऊ शकते. शिबिरात येणाऱ्या प्रत्येकाचे वय, काम, दुखणारा सांधा आणि दुखण्याचा काळ, ही माहिती संमतीने, गोपनीयता राखून आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहकार्याने पद्धतशीर नोंदविली, तर ते शिबिर त्या दिवसापुरते उरणार नाही. औषधाच्या दानाने आजच्या रुग्णाची वेदना शमते. अशा नोंदीतून उभ्या राहणाऱ्या संशोधनाचा लाभ त्याच्या नातवंडांनाही होऊ शकेल.