इब्न बतूताची राहून गेलेली सफर

चौदाव्या शतकातला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता व्होल्गाकाठच्या बुल्गार शहरी पोचला तो रमजानमध्ये, असे त्याच्या सफरनाम्यात आहे. रात्र एवढी आखूड की मगरिबनंतर इफ्तार चालू असतानाच इशाची अजान झाली. तरावीह आणि वित्र आटोपतात तोच फजर. तिथून चाळीस दिवसांच्या वाटेवर अंधाराचा मुलुख आहे, असे कानावर आले आणि तिकडे जायची त्याला हौस वाटली.

तयारीची चौकशी झाली. बर्फावर माणसाचा पाय ठरत नाही, घोड्याचा खूर ठरत नाही. ठरतात ती कुत्र्याची नखे. म्हणून गाड्या कुत्र्यांच्या. वाटेत झाड नाही, दगड नाही, तेव्हा अन्न, पाणी, सरपण सगळे बरोबर न्यायचे. शंभरेक गाड्या बाळगणारा धनिक व्यापारीच हे करू जाणे. वाटाड्याही कुत्राच, अनेकदा जाऊन आलेला. मालक त्याला कधी मारत नाही आणि माणसांआधी त्याला जेवू घालतो. नाहीतर तो रुसून मालकाला तिथेच सोडून जातो. इब्न बतूताने हिशेब केला: त्रास फार, फायदा थोडा. बेत रद्द!

तो बुल्गारला तरी गेला होता का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. रात्रीचे वर्णन मात्र खोटे नाही. 922 साली बगदादच्या खलिफाचा दूत इब्न फजलान तिथे होता. इशाच्या अजानची वाट पाहत तो गप्पा मारत बसला आणि अजान झाली ती फजरची. तिथला मुअज्जिन सकाळची नमाज चुकेल या भीतीने महिनाभर रात्री झोपला नव्हता.

आज तो अंधाराचा मुलुख विमानाच्या टप्प्यात आला आहे. नॉर्वेच्या उत्तरेला, 78 अंश अक्षांशावर, स्वालबार्ड बेटांवर लाँगइयरब्येन हे गाव आहे. 1920 च्या करारामुळे तिथे व्हिसा लागत नाही. पण वाट नॉर्वेतूनच जाते, म्हणून दोनदा प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा घ्यावा लागतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा घेतलेला प्रवासी परतताना अडकतो. गावाबाहेर पांढरी अस्वले आहेत. बंदूकधारी वाटाड्याशिवाय जाऊ नये. त्याच बेटांवर न्यू-ओलेसुंड इथे 2008 पासून भारताचे 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो.

रोजेदाराला मात्र आणखी एक गोष्ट निघण्याआधी ठरवावी लागते. एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत तिथे सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात कित्येक आठवडे उगवत नाही. मग सहरी कधी, इफ्तार कधी? आधार एका हदीसचा आहे. दज्जालच्या काळात एक दिवस वर्षाएवढा होईल, हे ऐकून सहाबांनी नमाजेचे काय, असे विचारले; प्रेषितांनी (स.) वेळेचा अंदाज करा, असे सांगितले. हा अंदाज काही उलेमा मक्केच्या वेळेवरून करतात, तर काही दिवसरात्र वेगळी ओळखता येईल अशा जवळच्या शहरावरून. नॉर्वेतल्याच त्रोम्सोच्या मुस्लिमांनी उन्हाळ्यातल्या रमजानात मक्केचे वेळापत्रक पाळले. दोन्ही मतांना आधार आहे. पण एकाच गटात निम्म्यांनी मक्केच्या आणि निम्म्यांनी ओस्लोच्या वेळेला खजूर तोंडात टाकावा, हे काही बरे नाही. तिकिटे काढतानाच हे ठरवलेले बरे.

मुसाफिराला रोजा पुढे ढकलून नंतर कजा करण्याची मुभा सूरह बकरामध्ये आहेच. ती घेण्यात कमीपणा कसला? हाडे गोठवणाऱ्या थंडीत दिवसभर चालायचे असेल तर ती जरूर घ्यावी.

2030 साली रमजान दोनदा येतो, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर. दोन्ही महिने लाँगइयरब्येनमध्ये सूर्य उगवणारच नाही. सहरी आणि इफ्तार, दोन्हींसाठी भरवसा भिंतीवरच्या घड्याळावर.