रविवारचे सव्वाआठ

जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात, हे पुण्याच्या मॅक्सम्यूलर भवनात भाषेचे वर्ग केलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेले असते. परंतु नोव्हेंबरात साडेचारच्या सुमारास दिवस मावळल्यावर आणि शेजारच्या बिऱ्हाडांची दारे लागल्यावर त्या बंद दुकानांचा जो अर्थ परक्या मुलखात एकट्याने राहणाऱ्याला उमगतो, तो कोणत्याही वर्गात शिकवता येण्याजोगा नव्हे. अशा संध्याकाळी, एरवी तेंडुलकरांच्या नाटकांवर तावातावाने बोलणाऱ्या आपल्याकडच्या चोखंदळ मंडळींनीही झेडडीएफ वाहिनीवर सव्वाआठला लागणारा रोझमंड पिल्चर यांच्या कथेवरचा गोग्गोड चित्रपट शेवटपर्यंत पाहिलेला असतो, आणि सोमवारी कचेरीत मात्र त्याविषयी चकार शब्द काढलेला नसतो. या चोरट्या आनंदाची बाजू कोणीतरी उघडपणे मांडावी, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

पिल्चरबाई जर्मन नव्हत्या. १९२४ साली कॉर्नवॉलमधील लेलँट या गावी त्यांचा जन्म झाला, १९८७ सालच्या ‘द शेल सीकर्स’ या कादंबरीने त्यांना जगभर वाचक मिळवून दिले, आणि २०१९ साली स्कॉटलंडमध्ये त्या निवर्तल्या. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांवर दूरचित्रवाणीसाठी चित्रपट काढण्याचा जो शिरस्ता झेडडीएफने १९९३ पासून सुरू केला, तो त्यांच्या पश्चातही चालू राहिला असून अशा चित्रपटांची संख्या शंभराच्या बरीच पुढे गेली आहे. चित्रण इंग्लंडच्या किनाऱ्यावर, पात्रांची नावे इंग्रजी, नट बहुतेक जर्मन, आणि कोळ्यापासून उमरावापर्यंत जो तो बोलतो ते स्वच्छ, प्रमाण जर्मन. पॅडस्टो गावातील प्रिडो प्लेस हा एलिझाबेथकालीन वाडा या चित्रपटांमुळे जर्मन प्रेक्षकांच्या इतक्या ओळखीचा झाला की तो पाहण्यासाठी जर्मनीतून प्रवासी येऊ लागले, आणि पर्यटनाला मिळालेल्या या चालनेबद्दल २००२ साली पिल्चरबाई व झेडडीएफचे क्लाउस बेलिंग यांचा ब्रिटनमध्ये गौरवही झाला. पुढे २००४ पासून ईंगा लिंडस्ट्रोम या टोपणनावाने लिहिणाऱ्या क्रिस्टियाने साडलो यांनी हाच प्रकार स्वीडनच्या तळ्याकाठी नेला.

कथानकाची चौकट ठरलेली असते. लंडनमध्ये नाव कमावलेली एखादी तरुणी आत्याच्या मृत्युपत्राच्या निमित्ताने गावी परतते. वडिलार्जित मिळकत गहाण पडलेली, वारसाहक्काच्या दस्तऐवजात काहीतरी खोच, शेजारच्या जहागिरीचा मालक अबोल आणि देखणा, आणि तरुणीचा शहरातील वाग्दत्त वर हिशेबी. पहिल्या दहा मिनिटांत अखेर कळते, आणि विद्वानांचा मुख्य आक्षेप नेमका हाच आहे. माझ्या मते परक्या भाषेत राहणाऱ्याला याहून मोठी सवलत दुसरी नाही. त्याच वेळी एआरडी या दुसऱ्या वाहिनीवर लागणाऱ्या, १९७० पासून चालत आलेल्या ‘टाटोर्ट’ या गुन्हेकथेत एक वाक्य निसटले की खुनी निसटतो. येथे मात्र पुढे काय होणार या चिंतेतून मुक्त झालेले मन संवादांच्या लकबीकडे, शब्दांच्या चढउताराकडे, गौणवाक्याच्या अंती आपल्या मराठीसारख्याच येऊन बसणाऱ्या क्रियापदाकडे निवांतपणे लक्ष देऊ शकते. शिवाय रविवारी या सार्वजनिक वाहिन्यांवर जाहिरातींना मज्जाव असल्यामुळे ती दीड तासांची एकतानता मध्येच भंगत नाही.

या चित्रपटांत मला सर्वांत मोलाचा वाटत आला आहे तो संबोधनाचा संस्कार. जर्मनीत परस्परांना आदरार्थी ‘झी’ म्हणणारी माणसे सलगीच्या ‘डू’वर केव्हा आणि कोणाच्या पुढाकाराने येतात, हा प्रश्न नव्या माणसाला घरमालकिणीसमोर, प्राध्यापकांसमोर, कचेरीतील वडीलधाऱ्यांसमोर रोज पडतो. नियम सांगणारे पुष्कळ भेटतात, पण त्या क्षणाचा संकोच, एखाद्या वृद्धेने दिलेली मुभा, रागाच्या भरात पुन्हा ‘झी’वर परतल्याने बसणारा घाव, हे सारे जिवंत घडताना दाखवतो तो हा चित्रपट. ज्या मराठी घरांत ‘अहो’ आणि ‘अरे’ यांतील अंतर रक्तात भिनलेले आहे, तेथून आलेल्या माणसाला तो क्षण पडद्यावर पाहताना जर्मन समाज पहिल्यांदा आपल्या आवाक्यातला वाटतो.

या चित्रपटांचे दोष मी झाकणार नाही. त्यांच्या जगात भाड्याच्या खोलीसाठी हेलपाटे घालणारा कोणी नाही, परदेशी नागरिकांच्या दप्तरापुढे पहाटे रांग लावणारा कोणी नाही, अडखळत बोलणारा तर नाहीच. म्हणजे आपण नाही. या सार्वजनिक वाहिन्यांसाठी २०२१ पासून दरमहा घरटी १८.३६ युरोंची पट्टी भरणाऱ्या समाजात आज लक्षावधी स्थलांतरित आहेत, आणि त्यांना या स्वप्नात जागा नसावी ही उणीव खरोखर गंभीर आहे. तरीही यजमान कशाचे स्वप्न पाहतो हे पाहुण्याला कळणे अगत्याचे असते. आणि आठवडाभर काटेकोर वागणारा एक समाज रविवारी रात्री समुद्राचा वारा, जुना वाडा आणि तुटलेल्या कुटुंबाचा समेट यांची वाट पाहतो, हे कळल्यावर त्याच्या कोरडेपणाची भीती बरीचशी ओसरते.

आपल्याकडेही ना. सी. फडक्यांच्या प्रणयकथांनी एका पिढीला हलक्या हाताने लिहिलेल्या सफाईदार मराठीची गोडी लावली, त्या कादंबऱ्या कित्येकांनी वडीलधाऱ्यांच्या नजरेआड वाचल्या, आणि त्यापायी कोणाची अभिरुची बुडाल्याचे ऐकिवात नाही. म्हणून ज्यांची मुले-मुली यंदा शिक्षणासाठी वा नोकरीसाठी जर्मनीला निघाली आहेत, त्यांनी व्याकरणाच्या पुस्तकाबरोबर एवढी सूचना अवश्य द्यावी: रविवारी सव्वाआठला झेडडीएफ लावा, बहिऱ्यांच्या सोयीसाठी दिलेली अक्षरे टेलिटेक्स्टच्या ७७७ क्रमांकाच्या पानावरून पडद्यावर आणा, आणि सोमवारी कचेरीत कोणी विचारले तर काय पाहिले ते मोकळेपणाने सांगा.