सही अर्जदाराची, कागद दलालाचे

परदेशात शिकायला निघालेल्या मुलाचा व्हिसा-अर्ज हा आपल्याकडे साऱ्या कुटुंबाचा अर्ज असतो. जमीन वडिलांची, दागिने आईचे, जामीन मामाचा. सही मात्र एकट्या विद्यार्थ्याची. अर्जातील प्रत्येक विधान खरे असल्याची हमी तो त्या सहीने देतो आणि पुष्कळदा तो अर्ज त्याने वाचलेलाही नसतो.

पंजाबात मी नोकरीची बरीच वर्षे काढली. निवृत्तीनंतर ओळखीच्या घरांतून असे अर्ज माझ्याकडे नजर टाकण्यासाठी येतात. दोआबातील एका मुलीच्या, ब्रिटनसाठीच्या अर्जात बँकेचा उतारा होता. एरवी रिकाम्या असणाऱ्या खात्यात एके दिवशी अकस्मात मोठी रक्कम जमा झालेली. पैसे कोणाचे, असे विचारताच ती सहजपणे म्हणाली, ‘‘अंकलजी, एजंटने ठेवलेत. अठ्ठावीस दिवस झाले की काढून घेणार. व्याज वेगळं द्यायचं.’’ ब्रिटिश नियमांनुसार शुल्क आणि निर्वाहाची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. कुटुंबाची ऐपत पडताळण्यासाठी केलेल्या या नियमातून पैसे भाड्याने देण्याचा एक धंदा उभा राहिला आहे. हा अर्ज असा पाठवू नये, असे मी सांगितले. तिच्या वडिलांना ते रुचले नाही. विद्यापीठाकडे अनामत आधीच गेली होती, आणि त्यासाठी शेत गहाण पडले होते.

भारतीय विद्यार्थ्याकडे संशयाने पाहण्याची परंपरा जुनी आहे. १९०७ मध्ये ब्रिटनमधील भारतीय विद्यार्थ्यांच्या स्थितीची चौकशी सर विल्यम ली-वॉर्नर यांच्या समितीने केली. १९०९ मध्ये त्यांच्यासाठी इंडिया ऑफिसात शैक्षणिक सल्लागार नेमला गेला. त्याच वर्षीच्या १ जुलैला लंडनमध्ये अभियांत्रिकी शिकणाऱ्या, अमृतसरच्या मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या आणि सल्ला व पाळत यांतील अंतर पुसट झाले. ली-वॉर्नर समितीचा अहवाल तर १९२२ पर्यंत प्रकाशातच आला नाही. तेव्हा शंका राजनिष्ठेची होती. आज ती परत न येण्याची आहे. अमेरिकेच्या कायद्यातील कलम २१४(ब) अर्जदाराला स्थलांतरितच गृहीत धरते. तसे नसल्याचे त्याने अधिकाऱ्याला पटवून द्यायचे, तेही बहुधा काही मिनिटांच्या मुलाखतीत.

या संशयाला आपणही खतपाणी घातले, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०२३ मध्ये कॅनडातील काही भारतीय विद्यार्थ्यांना हद्दपारीच्या नोटिसा आल्या. त्यांची प्रवेशपत्रे बनावट निघाली होती. त्यांतील अनेकजण पंजाबचे होते. तिथे पोहोचल्यावर दलालाने त्यांना, त्या महाविद्यालयातील जागा भरल्या, दुसरीकडे प्रवेश घ्या, असे सांगितले होते. त्यांनी तसे केले, शिकले, नोकरीला लागले. कायम वास्तव्याचा अर्ज केला तेव्हा जुना कागद उघडा पडला. जे खरोखर फसले होते त्यांना कॅनडाने पुढे दिलासा दिला आणि १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्र संबंधित संस्थेकडून पडताळून घेणे सुरू केले. परंतु मूळ तत्त्व कायम आहे. खोटी माहिती दिल्यास पाच वर्षे प्रवेशबंदी, आणि कागद दलालाने भरला हा बचाव सहसा चालत नाही. त्याच काळात निर्वाहासाठी दाखवावयाची रक्कम १०,००० वरून २०,६३५ कॅनेडियन डॉलर झाली. ऐपत आणि आकांक्षा यांतली दरी रुंदावली की मध्यस्थाचे फावतेच.

आपला कायदा येथे विचित्रपणे मुका आहे. १९८३ चा उत्प्रवासन कायदा रोजगारासाठी जाणाऱ्यांचा आहे. आखाती देशांत गवंडी पाठवणाऱ्या दलालाला नोंदणी करावी लागते, सुरक्षा ठेव द्यावी लागते, त्याच्या सेवाशुल्कालाही मर्यादा आहे. त्याच रस्त्यावर विद्यार्थी पाठवणाऱ्या सल्लागारावर केंद्राचे असे कोणतेही बंधन नाही. पंजाबने २०१२ मध्ये स्वतःचा कायदा केला, आयईएलटीएसचे वर्गही परवान्याखाली आणले, आणि परवाना देण्याचे काम जिल्हाधिकाऱ्याकडे सोपवले. पण त्या एका टेबलावर पूर, निवडणुका आणि धान्यखरेदी यांच्या फायलीही असतात. शिवाय राज्याची हद्द ओलांडली की दलाल मोकळा.

माझ्या मते पहिला बदल अगदी साधा असावा. परदेशी विद्यापीठे प्रत्येक प्रवेशामागे सल्लागाराला दलाली देतात. म्हणजे विद्यार्थी ज्याला आपला सल्लागार समजतो, तो प्रत्यक्षात विक्रेत्याचा माणूस असतो. ही दलाली किती, हे त्याने लेखी सांगणे केंद्रीय कायद्याने बंधनकारक व्हावे. अर्ज भरून देणाऱ्याचे नाव, नोंदणी क्रमांक आणि सही असलेली प्रत विद्यार्थ्याच्या हाती, त्याला समजणाऱ्या भाषेत, अर्ज पाठवण्यापूर्वी पडावी. वकिलातींना त्या प्रतीची गरज नसेल. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवायला गेलेल्या बापाला मात्र ती लागेल. आज त्याच्याकडे दाखवायला नुसती पैशांची पावतीही नसते.